फोनवरचा राग ओळखणं हा कुणाचा शोध?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मागच्या आठवड्यात एआय आणि पेटंटवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला. त्यात म्हटलं होतं की भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळायला फार त्रास होतो, कायदा सैल केला तर आपल्याकडे पण मोठ्या कंपन्या उभ्या राहतील, आणि उदाहरण दिलं होतं ते कस्टमर केअरचे कॉल ऐकून ग्राहक चिडलाय की खूश आहे हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचं. हे उदाहरण वाचल्यावर मला राहवलं नाही, कारण माझी अकरा वर्षं याच कामात गेलीत, सॉफ्टवेअर बनवण्यात नाही तर कॉल ऐकण्यात. मी पुण्यात एका कॉल सेंटरच्या क्वालिटी टीममध्ये होते. म्हणून हे पत्र, जरा मोठं झालंय, काटछाट केली तरी चालेल पण मधला कायद्याचा भाग प्लीज ठेवा.

आधी आम्ही काय करायचो ते सांगते. २००९ साली मी जॉईन झाले तेव्हा रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर ऐकायचो पण मार्क कागदावर द्यायचो. ए-फोर साईझचं शीट असायचं, आडवं छापलेलं, वर एजंटचा नंबर, कॉलची तारीख, आणि मग रकाने. ग्रीटिंग नीट दिलं का, होल्डवर टाकताना परवानगी घेतली का, चुकीची माहिती दिली का वगैरे. उजवीकडे शेवटी दोन रकाने होते, "सुरुवातीचा मूड" आणि "शेवटचा मूड", एक ते पाच मार्क. शेवटच्यातून सुरुवातीचा वजा करायचा. उत्तर उणे दोन किंवा त्याहून खाली आलं की लाल पेनने गोल करायचा आणि ते शीट त्याच दिवशी टीएलच्या (टीम लीडरच्या) टेबलावर ठेवायचं, कारण तो ग्राहक आपल्याशी बोलून जास्त चिडून गेलाय. दिवसाला मी पंधरा-सोळा कॉल ऐकायचे. काही दिवसांनी कानाला अशी सवय होते की ग्राहक शब्द बोलायच्या आधी नुसता श्वास सोडतो त्यावरूनच कळतं की हा आता फोन ठेवणार.

पुढे काही वर्षांनी सॉफ्टवेअर आलं. ते काय करतं तर कॉलचा आवाज घेतं, त्याचा मजकूर बनवतं, शब्दांना मार्क देतं, आवाज किती चढला, बोलण्याचा वेग किती वाढला, मध्ये किती सेकंद शांतता होती, दोघं एकमेकांवर किती वेळा बोलले हे मोजतं, त्याचा एक स्कोअर काढतं आणि तो ठरलेल्या आकड्याखाली गेला की सुपरवायझरच्या स्क्रीनवर लाल दिवा लागतो. आम्ही पंधरा कॉल ऐकायचो, ते सगळेच्या सगळे ऐकतं, हा फायदा मोठाच आहे आणि तो मी नाकारत नाही. पण या विषयातले पेटंटचे अर्ज वाचायला घेतले (मी बरेच वाचलेत, सगळे सरकारी साईटवर फुकट दिसतात) तर बहुतेकांच्या क्लेममध्ये, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागतात त्या भागात, साधारण हेच असतं की आवाज घेणे, मजकुरात बदलणे, भावनेचा स्कोअर काढणे, सुरुवातीचा आणि शेवटचा स्कोअर यांची तुलना करणे, मर्यादेखाली गेल्यास सूचना देणे. संपादक महोदय, हे माझं शीटच आहे. लाल पेनच्या जागी लाल दिवा आला एवढाच फरक.

पेटंट म्हणजे काय हे आपल्याकडे नीट सांगितलं जात नाही. ते बक्षीस नाहीये आणि सर्टिफिकेट पण नाहीये. पेटंट म्हणजे अर्ज केल्याच्या तारखेपासून वीस वर्षं बाकी सगळ्यांना "तुम्ही हे करायचं नाही" असं सांगायचा हक्क. त्या बदल्यात तुम्ही लोकांना काहीतरी नवीन दिलं पाहिजे, जे आधी नव्हतं आणि त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचलं नसतं. आता ग्राहक चिडलाय हे आवाजावरून ओळखायचं, त्याला आकडा द्यायचा आणि साहेबांना सांगायचं, यावर वीस वर्षांचा हक्क एकाला दिला तर बाकीच्यांनी काय करायचं?

आपल्या कायद्यात यावर उत्तर आहे आणि ते चांगलं आहे असं माझं मत आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये काय काय शोध धरायचे नाहीत त्याची यादी आहे, त्यातल्या (के) मध्ये गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम आणि अल्गोरिदम येतात. (एम) मध्ये मनातल्या मनात करायच्या कामाची पद्धत येते. (एन) मध्ये माहिती मांडून दाखवणं येतं. म्हणजे बघा, राग ओळखणं हे मनाचं काम, स्कोअर काढणं हे गणित, तक्रारीचा ग्राहक साहेबांकडे वळवणं ही धंद्याची पद्धत आणि लाल-हिरवा डॅशबोर्ड ही माहितीची मांडणी. चारही तुकडे यादीतले आहेत. ते एकत्र बांधून वर "सिस्टीम अँड मेथड" असं लिहिलं म्हणून त्याचा शोध होतो का, हाच सगळा प्रश्न आहे.

लेखात लिहिलं होतं की हे कलम जुनाट आहे, तेही बरोबर नाही. कायदा १९७० चा असला तरी (के) हे पोटकलम २००२ च्या दुरुस्तीने आलं, आणि "निव्वळ" हा अर्थ देणारा 'पर से' हा शब्द संसदेच्या संयुक्त समितीने विचार करून घातला, कारण प्रोग्रामला जोडून एखादी खरी तांत्रिक गोष्ट असेल तर ती मारली जाऊ नये. त्यानंतर डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून दार मोठं केलं होतं, उद्योगातला तांत्रिक वापर असेल किंवा हार्डवेअरशी सांगड असेल तर प्रोग्रामला पेटंट चालेल असं त्यात होतं. पण २००५ ला कायदा संसदेत आला तेव्हा ते वाक्य गाळलं आणि जुनंच कलम ठेवलं. म्हणजे आपल्या खासदारांसमोर हा प्रश्न आला होता आणि त्यांनी नाही म्हटलं होतं. हे विसरून कुणी "कायद्याला सॉफ्टवेअर माहीतच नव्हतं" असं म्हणत असेल तर ते चुकीचं आहे.

बरं, कोर्टांनी पण हे कलम आंधळेपणाने लावलेलं नाहीये. फरीद अल्लानी नावाच्या अर्जदाराचा खटला दिल्ली हायकोर्टात होता, इंटरनेटवरची माहिती आणि सेवा पटकन मिळवायच्या पद्धतीबद्दल. १२ डिसेंबर २०१९ ला निकाल आला की आजच्या काळात वॉशिंग मशीन, फ्रिजमध्ये पण प्रोग्राम असतो, म्हणून प्रोग्राम आहे एवढ्यावरून पेटंट नाकारू नका, त्याने काही तांत्रिक परिणाम साधला जातो का ते बघा. त्या माणसाचा भारतातला अर्ज २००२ चा होता आणि मंजुरी मिळाली २०२० ला, अठरा वर्षांनी. हा उशीर लाजिरवाणा आहे आणि यात बदल झालाच पाहिजे, पण तो ऑफिसच्या कारभाराचा दोष आहे, कलमाचा नाही. पुढे २०२३ मध्ये त्याच हायकोर्टाने ओपनटीव्हीच्या केसमध्ये, डिजिटल गाणी-सिनेमे दुसऱ्याला भेट म्हणून पाठवायच्या सिस्टीमबद्दल, सांगितलं की धंद्याच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पूर्ण मनाई आहे, तिथे "निव्वळ" शब्दाची सवलत नाही. या कलमाचा पुन्हा विचार करायची गरज आहे असंही कोर्टाने त्याच निकालात म्हटलं, ते मी लपवत नाही. मग २०२५ मध्ये पेटंट ऑफिसने कॉम्प्युटरच्या शोधांसाठी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात आता एआयचीही उदाहरणं आहेत. या सूचनांचा अर्ज तपासणारे परीक्षक कसा अर्थ लावतात त्यावर पुढची दहा वर्षं ठरणार आहेत आणि म्हणूनच मी आत्ता लिहितेय.

लेखकाने "अमेरिकेत बघा" असं म्हटलं होतं म्हणून अमेरिकेचं पण सांगते. तिथे तर गंमत अशी आहे की ते आपल्या दिशेने आलेत. १९८१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने रबर शिजवायच्या साच्याचं पेटंट योग्य ठरवलं होतं, त्यात कॉम्प्युटर सतत तापमान बघून गणित करायचा आणि बरोबर वेळेला साचा उघडायचा. तिथे गणित होतं, पण रबर खरंच चांगलं शिजायचं. मग नव्वदीनंतर सगळं सैल झालं, धंद्याच्या कुठल्याही पद्धतीवर "कॉम्प्युटरवर" असा शिक्का मारून पेटंट घ्यायचा सुकाळ आला, आणि शेवटी १९ जून २०१४ ला अ‍ॅलिस विरुद्ध सीएलएस बँक या केसमध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की जुनीच कल्पना साध्या कॉम्प्युटरवर चालवली म्हणून ती पेटंटला पात्र होत नाही. विजेच्या ग्रिडवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २०१६ च्या केसमध्ये तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने (पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाने) म्हटलं की माहिती गोळा करा, तिचं विश्लेषण करा, निकाल दाखवा, एवढंच असेल तर ती अमूर्त कल्पना, तिला पेटंट नाही. कॉलचं सॉफ्टवेअर दुसरं काय करतं? आणि एप्रिल २०२५ मध्ये रिसेंटिव्ह विरुद्ध फॉक्स या केसमध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की सर्वसाधारण मशीन लर्निंग (डेटा दाखवून कॉम्प्युटरला शिकवायची रीत) नव्या क्षेत्रातल्या डेटावर लावलं, पण मशीन लर्निंगमध्ये स्वतः काही सुधारणा केली नाही, तर पेटंट नाही. तिथे विषय टीव्हीच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक ठरवण्याचा होता. म्हणजे ज्या देशाकडे बोट दाखवून आपल्याला दार उघडा म्हणतात, तिथे दार लोटून घेतलंय.

पण २०१६ चीच अजून एक केस आहे ती मला आवडते. कार्टूनच्या ओठांची हालचाल आवाजाशी जुळवायचं काम. आधी अ‍ॅनिमेटर हाताने करायचे, एका कंपनीने त्याचे वेगळे, नेमके नियम बनवले, अ‍ॅनिमेटर जसं करायचे तसे नाही तर वेगळ्याच रीतीने, आणि कोर्टाने ते पेटंट पात्र ठरवलं. मला हा फरक बरोबर वाटतो. माणूस जे करतो तेच यंत्राकडून करून घेतलं तर तो शोध नाही. यंत्राने ते करावं म्हणून कुणी वेगळी वाट काढली, आणि ती वाट अर्जात नेमकी लिहून दाखवली, तर तो शोध.

आता आमच्या कामातलं असं काय आहे ज्याला पेटंट मिळावं? भरपूर आहे. फोनचा आवाज सहसा सेकंदाला आठ हजार नमुने या हिशोबाने साठवतात आणि साध्या लाईनवर तीनशे ते चौतीसशे हर्ट्झच्या मधलाच पट्टा येतो, त्याच्या वरचं खालचं सगळं कापलं जातं. आवाजातली कितीतरी खूण तिथेच जाते. वरून जुन्या सिस्टीममध्ये एजंट आणि ग्राहक दोघांचा आवाज एकाच ट्रॅकवर मिसळलेला असतो, दोघं एकदम बोलले की कोण चिडलंय हे कॉम्प्युटरला कळत नाही. आमच्याकडे तर असं व्हायचं की ग्राहक ओरडला आणि एजंट बिचारी "हो सर, हो सर" म्हणत राहिली तर राग तिच्या नावावर चढायचा. एका मुलीचा तीन महिन्यांचा इन्सेंटिव्ह यात गेला, मी स्वतः एकेक कॉल ऐकून तो परत मिळवून दिला. कुणी हे दोन आवाज स्वच्छ वेगळे करायची नवी रीत काढली, किंवा चालू कॉलमध्येच, साध्या स्वस्त मशीनवर, एक-दोन सेकंदात हे होईल असं काही बांधलं, तर त्याला पेटंट द्या, जरूर द्या, मी टाळ्या वाजवीन. तिथे आवाजावर काम झालंय, यंत्र यंत्र म्हणून सुधारलंय. "ग्राहकाचा असंतोष ओळखणे" या शब्दांवर मात्र हक्क नको.

कारण यंत्राला असंतोष ओळखता येतो हेच मुळात खरं नाहीये, निदान आपल्या भाषेत तरी. दोन कॉल सांगते, मला अजून पाठ आहेत.

एक कोल्हापूरकडचा गृहस्थ होता. त्याचं अडकलेलं काम आमच्या पोराने पाच मिनिटांत करून दिलं. तो इतका खूश झाला की जवळजवळ ओरडलाच, "नाद खुळा भावा! च्यायला, एका झटक्यात केलंस की!" सॉफ्टवेअरने कॉल लाल दाखवला. आवाज चढलेला, "खुळा" हा वाईट शब्द, "च्यायला" ही शिवी. पोराला खुलासा द्यावा लागला.

दुसऱ्या सांगलीजवळच्या एका गावातल्या आजी. नवरा गेलेला, विम्याचा क्लेम अडकला होता, सहाव्यांदा फोन करत होत्या आणि दर वेळी त्यांना नवीन कागद मागितला जायचा. त्या दिवशी पण एजंटने सांगितलं की तलाठ्याचा दाखला चालणार नाही, दुसरा लागेल. मग बराच वेळ शांतता, मागे कुठेतरी कोंबड्यांचा आवाज येतोय, आणि मग त्या म्हणाल्या, "बरं बाळा, राहू दे मग. देव तुझं भलं करो." आणि रिसीव्हर अगदी हळू ठेवला. सॉफ्टवेअरने हिरवा दिवा दिला. बरं, बाळा, देव, भलं, सगळे चांगले शब्द, आवाज खाली, वेग कमी. समाधानी ग्राहक. त्या क्लेमकडे पुन्हा कुणी बघितलंच नसतं, तो कॉल योगायोगाने माझ्या वाट्याला ऐकायला आला म्हणून कळलं. मी ते रेकॉर्डिंग घेऊन मॅनेजरकडे गेले, फाईल पुन्हा उघडली, पैसे मिळाले. पण त्यांच्यासारखे असे किती हिरवे दिवे निघून गेले असतील या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

हे मी पेटंटच्या पत्रात का लिहितेय? कारण हे दुरुस्त करायचं असेल तर पुष्कळ लोकांनी, पुष्कळ वेगवेगळ्या गावचं मराठी घेऊन, पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला लागणार आहेत. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी, आणि मध्ये मध्ये हिंदी-इंग्रजी. कुठलीही मोठी परदेशी कंपनी हे आधी करणार नाही, तिच्यासाठी हा धंदा छोटा आहे. हे करणार आपली पोरं. आणि करतायत. पुण्यातल्या पीआयसीटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी एलथ्रीक्यूब या उपक्रमात २०२१ ला मराठी ट्वीट्सचा साठा तयार केला, सुमारे सोळा हजार ट्वीट्स, प्रत्येकावर हे चांगलं, हे वाईट, हे मधलं अशी माणसांनी खूण केलेली, आणि तो सगळ्यांना वापरायला खुला ठेवला. या अशा कामावर पुढचं काम उभं राहतं. आता समजा "संभाषणातली भावना ओळखून सुपरवायझरला सूचना" यावर कुणाकडे भारतात पेटंट असेल तर त्या पोरांनी भाषेचा भाग कितीही चांगला केला तरी कॉल सेंटरला ते विकायच्या वेळी दारात कुणीतरी पावती पुस्तक घेऊन उभा असणार.

ही नुसती भीती नाही. माझ्या भाच्याची आणि त्याच्या दोन मित्रांची बाणेरला छोटी कंपनी आहे, कॉलवरच काम करतात. मागच्या वर्षी त्यांचा अमेरिकेतला एक ग्राहक सही करायच्या टप्प्यावर आला होता आणि थांबला, कारण त्याच्या वकिलाने पेटंटची एक लांबलचक यादी पाठवली, यातलं काही आड येत नाही हे लिहून द्या म्हणाला. तीन पोरांची कंपनी, असं लिहून द्यायला जो वकील लागतो त्याची फी त्यांच्या वर्षाच्या भाड्याएवढी. आम्ही इथल्या एका पेटंट एजंटबाईंना (लोकांचे पेटंटचे अर्ज करून देतात त्या) भेटलो, त्यांनी समजावलं की पेटंट ज्या देशाने दिलं त्या देशापुरतंच असतं, अमेरिकेतलं पेटंट पुण्यात लागू होत नाही, पण ग्राहक तिकडे वापरणार म्हटल्यावर तिकडचा धोका राहतोच. ते काम गेलं. निदान भारतातला धंदा मोकळा आहे यावर तिघं टिकून आहेत.

गंमत म्हणजे भाच्याला स्वतःला पेटंट हवंय. तो म्हणतो मावशी, गुंतवणूकदार पहिला प्रश्न हाच विचारतात, तुमच्याकडे पेटंट किती? त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण मी त्याला विचारलं तुमचं खरं नवीन काय, तर त्याने फाटलेल्या नेटवर्कमध्ये तुटक आलेला आवाज जोडायची त्यांची युक्ती सांगितली, चांगला अर्धा तास, डोळे चमकत होते. मग म्हटलं त्याचा अर्ज कर ना. त्यावर तो गप्प झाला, कारण त्यांच्या अर्जाच्या मसुद्यात ती युक्ती दोन ओळीत होती आणि "ग्राहकाची भावना ठरवणे" चार पानं. असे मसुदे बनतात कारण रुंद क्लेम मिळाला तर जास्त फायदा. परीक्षकाने तिथेच अडवलं तर सगळ्यांना आपोआप शिस्त लागेल. आणि प्रोग्रामला संरक्षणच नाही असंही नाही, लिहिलेल्या कोडला कॉपीराईट कायद्यात साहित्यकृती म्हणून संरक्षण आहेच. तुमचा कोड कुणी उचलला तर कोर्टात जा. पण दुसऱ्याने स्वतः डोकं लावून स्वतः लिहिलं तर त्याला अडवायचा हक्क कॉपीराईट देत नाही, आणि ते योग्यच आहे.

अजून एक गैरसमज. ऑफिसात पेटंटची चौकट भिंतीवर लावली की लोकांना वाटतं सरकारने हे तपासून मान्य केलंय, म्हणजे हे बरोबरच चालतं. पेटंट मिळालं म्हणजे ते वापरायची परवानगी मिळाली असं नसतं. युरोपात फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी कर्मचाऱ्यांच्या आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या एआयला बंदी आहे, उपचार आणि सुरक्षा एवढाच अपवाद. ग्राहकाचा राग ओळखायला ही बंदी नाही, पण फोनवर बोलणाऱ्या एजंटचा मूड मोजायला आहे. आणि ग्राहकांच्या बाबतीतही हंगेरीत २०२२ ला तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने एका बँकेला २५ कोटी फोरिंटचा दंड केला, कारण ती कस्टमर केअरचे रेकॉर्ड केलेले कॉल एआयला ऐकवून लोकांच्या भावना काढत होती आणि लोकांना ते धड सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे "हा कॉल गुणवत्ता आणि प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केला जाऊ शकतो" एवढं ऐकवतात. तुमच्या आवाजाच्या चढउतारावरून तुमच्या नावापुढे शेरा लिहिला जाईल हे कोण सांगतं? त्या आजींना कुणी सांगितलं होतं का?

पेटंट ऑफिसच्या परीक्षकांवर ताण खूप आहे हे मला कळतं. मार्च २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात एक लाखाहून जास्त पेटंट दिली गेली असं सरकारनेच अभिमानाने सांगितलंय. एवढ्या गर्दीत एका परीक्षकाला कॉल सेंटरच्या क्वालिटी शीटमध्ये काय रकाने असतात हे कुठून माहीत असणार? तो कॉम्प्युटरवर जुनी पेटंट शोधतो, जुने शोधनिबंध शोधतो. आमचं काम तिथे कुठेच लिहिलेलं नाही. ते टेबलांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पहिली पेटंट ऑफिसला, की अशा अर्जांत भावना, समाधान, मूड हे शब्द बाजूला काढून उरतं काय ते बघा. उरलेल्यात आवाजावर किंवा यंत्रावर काही खरं काम असेल तर पेटंट द्या, आणि तेवढ्यापुरतंच द्या. काही उरत नसेल तर ३(के) लावा, आणि सोबत (एम) आणि (एन) पण लावा.

दुसरी मागणी वाचकांना, विशेषतः ज्यांनी पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरला कॉल सेंटरमध्ये काम केलंय त्यांना. अर्ज सहसा अठरा महिन्यांनी जाहीर होतो, तेव्हापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कुणीही, अगदी कुणीही, त्याला लेखी विरोध करू शकतं, कलम २५(१) खाली. २०२४ पासून त्याला फी लावलीय आणि विरोध ऐकण्यासारखा आहे का हे आधी बघतात, पण दार उघडं आहे. मी माझं २००९ चं शीट घेऊन त्या एजंटबाईंकडे गेले होते, वाटलं हे आधीपासून होतं याचा हाच मोठा पुरावा. त्यांनी ते नीट बघितलं आणि म्हणाल्या की हे कंपनीच्या आतलं आहे, बाहेर कुणी बघितलेलं नाही, म्हणून याला फार वजन येणार नाही, सगळ्यांना मिळेल असं काहीतरी छापलेलं, वाटलेलं, तारीख असलेलं हवं. ट्रेनिंग इन्स्टिट्यूटच्या पुस्तिका, टेलिफोनवर कसं बोलावं याच्या वर्गातल्या नोट्स, सेमिनारमध्ये वाटलेले कागद, ज्यात ग्राहकाचा मूड कसा ओळखावा आणि किती मार्क द्यावे हे लिहिलेलं असतं. अशा पुस्तिका २००० ते २०१० च्या काळात ढिगाने निघाल्या होत्या, माझ्याकडेच चार होत्या आणि घर बदलताना मी त्या रद्दीत दिल्या. तुमच्या माळ्यावर, जुन्या ऑफिस बॅगेत असतील तर देऊ नका. पहिलं पान आणि तारीख दिसेल असा फोटो काढा आणि मूळ पुस्तिका जपून ठेवा.

आपली,
एक माजी क्वालिटी अ‍ॅनालिस्ट
कोथरूड, पुणे